कशासारखा वास

तुळसाबाईने वाटीवरचे फडके उचलले, वाटी नाकाशी नेली आणि ती काही बोललीच नाही.

इंद्रभान ओसरीत पाटावर बसला होता. समोर खांबाला टेकवलेला आरसा, बाजूला ऊन पाण्याचा तांब्या, खांद्यावर पंचा. वस्तरा त्याने चामड्याच्या पट्ट्यावर केव्हाच लावून घेतला होता. तरी हात रिकामा राहू नये म्हणून तो पुन्हा लावू लागला. पाते वर गेले, उलटले, खाली आले. कार्तिकातली सकाळ होती. गोठ्यात म्हशीच्या अंगावरून वाफ उठत होती आणि अंगणातल्या उन्हाला अजून रंग चढला नव्हता. आरशात त्याला बायकोचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते तिचे कोपर आणि त्या कोपरापाशी थांबून राहिलेली वाटी.

रोज एवढा वेळ लागत नसे.

"चांगला हाये," शेवटी ती म्हणाली.

वाटी त्याच्यापुढे ठेवून ती चुलीकडे वळली. वस्तरा पट्ट्यावर मध्येच थांबला.

वाटीत दाढीचा साबण होता; कारंज्याच्या बाजारात मिळणारा, पांढरा, बिनवासाचा. काल संध्याकाळी इंद्रभानने तो किसणीवर किसला होता, पाण्याचा हबका देऊन वाफेवर मऊ केला होता आणि बोट सोसेल इतका निवल्यावर त्यात रोशाच्या तेलाचे थेंब घोटले होते. साबण फार ऊन असला तर वास उडून जातो. फार गार झाला तर तो तेल आत घेत नाही. थेंब जास्त पडले तर गाल पेटतो. हे सगळे त्याच्या हाताला वडिलांच्या वेळेपासून ठाऊक होते. हात अजून चुकत नव्हते. हातांचे काही बिघडले नव्हते.

कामरगावच्या आसपासच्या टेकड्यांवर पावसाळा सरता सरता रोशाचे गवत माणसाच्या उंचीचे होते. ते कापून नाल्याकाठच्या भट्ट्यांवर त्याचे तेल काढतात. या गवताच्या दोन जाती. टेकडीच्या उघड्या अंगावर, उन्हात वाढते ते मोतिया. त्याच्या तेलाला गुलाबाशी नाते सांगणारा वास. दरीच्या सावलीत, ओलीत वाढते ते सोफिया. त्याचा वास सुंठेसारखा उग्र, आणि अत्तरवाल्यांच्या लेखी ते तेल गुडघ्यांना चोळण्यापलीकडे कामाचे नाही. दिसायला दोन्ही गवते सारखी, दोन्ही तेले सारखी पिवळी. कागद, काच, जीभ, कशालाही फरक कळत नाही. तो कळतो फक्त नाकाला, आणि या गावात असे नाक एका घराला होते. आधी इंद्रभानच्या वडिलांना, मग इंद्रभानला.

वडिलांनीच त्याला साबणाची रीत लावून दिली होती. हंगामातले पहिले, खात्रीचे मोतिया तेल घ्यायचे, दाढीच्या साबणात घोटायचे आणि रोज सकाळी त्याच साबणाने स्वतःची दाढी स्वतः करायची. म्हाल्याचा, म्हणजे न्हाव्याचा, तंबाखूचा हात तोंडाला लागू द्यायचा नाही. मग दिवसभर नाकाखाली, ओठावर, खरे तेल असते; येणारा प्रत्येक वास त्याच्या शेजारी उभा करून पाहायचा. "नाकाले घर पायजे," वडील म्हणत, "तवाच त्याले पाहुणा वळखू येते." गावातला म्हाली या कारणावरून दोन पिढ्या रागावलेला होता. दिवाळीला आला की उंबऱ्याबाहेरूनच म्हणायचा, "पाटील, तुमची दाढी म्हंजे तुमी घरातच जिरवता. आमी काय फक्त दुसऱ्याच्या लग्नाचेच धनी?"

गेल्या वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली. घरोघर माणसे आडवी झाली, कितीएक पुन्हा उठली नाहीत. इंद्रभान उठला. उठला त्या सकाळी, अंगात उभे राहायचे बळ नसताना, त्याला दाढी करावीशी वाटली. तुळसाबाईने साबणाचा डबा आणून दिला. त्याने झाकण काढले आणि रिकामा डबा उघडावा तसा तो आत पाहत राहिला.

"वास उडाला याचा," तो म्हणाला. "झाकण उघडं ठेवलं का तुनं?"

"उडाला?" ती म्हणाली. "अवो, घरभर झाला की वास. पोतेऱ्यालेही येऊन..."

आणि ती थांबली. त्याने वर पाहिले. तिने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. त्यानंतर त्या घरात त्या गोष्टीचा उच्चार झाला नाही. तो कधी म्हणाला नाही की माझे नाक गेले. तिने कधी विचारले नाही. फक्त दुसऱ्या दिवशी डबा उघडण्याआधीच तिने तो स्वतःच्या नाकाशी नेला आणि जणू स्वयंपाकाचेच काही बोलत असावी तशा आवाजात म्हणाली, "अजून तसाच हाये. उन्हात वाळलेल्या गोधडीसारखा."

यंदा हंगाम सुरू झाला तेव्हा इंद्रभानने गावात नवी रीत सांगितली. तेल हातावर चोळून आता त्याचे समाधान होत नाही. ज्याने त्याने आपल्या डब्यातली शिशीभर आधी घरी पोचवावी. आपण ती साबणात घोटून रात्रभर मुरू देऊ. ऊन साबणात तेल बोलते. लोकांना ते पटले. किंबहुना त्यांचा आदर वाढलाच. उदयसिंगने तर हे ऐकून स्वतःच्याही साबणात तेल घोटले आणि थेंबांचा अंदाज चुकल्याने दोन्ही गाल लालबुंद करून चावडीवर आला. "मारोतीच होऊन आला बाप्पा," लोक म्हणाले, "शेपूट कुठी ठेवलं?"

रोज संध्याकाळी एक शिशी, एक वाटी. रोज सकाळी तुळसाबाई फडके उचलायची, एक श्वास घ्यायची आणि सांगायची. मोतिया आणि सोफिया हे शब्द ती वापरत नसे. ते बाजाराचे शब्द होते. ती म्हणायची, "आज लोखंडी घमेल्यात पाणी राह्यल्यासारखा." इंद्रभान समजायचा की हंड्याची कल्हई गेली आहे, गंज तेलात उतरला आहे. ती म्हणायची, "बुडाले लागलेल्या दुधासारखा," आणि तो समजायचा की जाळ जास्त झाला. एकदा नुसतीच हसली, म्हणाली, "माह्या मायच्या पेटीसारखा. वरच्या लुगड्याचा नाही, सगळ्यात खालच्या." त्या दिवशी हरिसिंगचा डबा त्याने सगळ्यांच्या पुढे ठेवला आणि कारंज्याचा मुनीम तेल हुंगून डोळे मिटून बसला.

कधीकधी त्याला वाटे, नाक होते तेव्हा त्याला तेल कळत असे. आता त्याला त्या तेलातून घर कळते आहे. तिच्या माहेरची पेटी, तिची ओली घोंगडी, तिच्या लहानपणी कुठेतरी पावसात भिजलेले सरपण. लग्नाला इतकी वर्षे झाली आणि यातले काहीच त्याने कधी विचारले नव्हते. जगातले सगळे वास त्याच्यासाठी विझले होते आणि रोज पहाटे ती त्यातला एखादा उचलून त्याच्यापुढे धरत होती. तो थकला होता. खोटेपणाने माणूस जेवढा थकतो तेवढा श्रमाने थकत नाही. पण सकाळची मात्र तो वाट पाहत असे.

आणि आज ती म्हणाली होती, चांगला हाये.

इंद्रभानने कुंचला पाण्यात बुडवला, वाटीत फिरवला. फेस आला. तो त्याने गालावर ओढला.

"कशासारखा?" त्याने विचारले.

चुलीपाशी फुंकणीचा आवाज झाला. "काय?"

"वास. कशासारखा?"

"रोशासारखा. आनखी कशासारखा असन?" ती म्हणाली, आणि लगेच, "पुरण टाकलं हाये म्या. जगदेव जेवाले येईन नं?"

"येईन," इंद्रभान म्हणाला.

जगदेव तिचा धाकटा भाऊ. वाटीतले तेल त्याचे होते.

काल तो दिवस कलताना आला होता, शेजारच्याच वाडीवरून, डोक्यावर तेलाचा डबा घेऊन. त्याची भट्टी यंदा सगळ्यांच्या मागून लागली. हंड्याचा सांधा फुटला, तांबट मिळाला नाही, मिळाला तेव्हा टेकडीवरचे गवत वाळून कोळ झाले होते. एरवी तो बोलका, चेष्टेखोर माणूस. मानमोडीत त्याची बायको रुपाबाई गेली, दोन पोरी मागे ठेवून; त्यानंतरही तो चेष्टा करायचा थांबला नव्हता, फक्त चेष्टा करताना आता समोरच्याकडे पाहत नसे.

"काय भाऊजी," इंद्रभान साबण किसत होता तेव्हा तो म्हणाला होता, "दाढी करता का वरणाले फोडनी देता?"

"तुह्यासाठीच फोडनी देऊन राह्यलो. आन शिशी."

जगदेवने शिशी दिली. वाफेवरची वाटी, तिच्यात मऊ होत जाणारा साबण, इंद्रभानचे घोटणारे बोट, हे सगळे तो पाहत राहिला. तुळसाबाईने त्याच्यापुढे गूळ-पाणी ठेवले. त्याने पाणी प्यायले, गूळ तसाच मुठीत धरला.

"पोरींसाठी नेतो," तो म्हणाला.

"त्यायच्यासाठी बांधून देतो नं मी," ती म्हणाली. "तू खाय थो. कसा झाला पाह्य, नुसता बांबू."

"बांबूलेच म्हाग मागनी असते, बाई." तो हसला. "कुठून कुठून गवत आनलं म्हंता भाऊजी! पाय झिजले. पन आनलं."

कुठून आणलेस, असे इंद्रभानने विचारले नाही. पारख्याने ते विचारायचे नसते, असे त्याने मनाशी म्हटले. शिशी तुळसाबाईने धुवायला उचलली तेव्हा तिने तिचे बूच नाकाशी नेले की नाही, हेही त्याने पाहिले नव्हते. तो साबण वाटीत दाबून बसवत होता.

आता आरशात अर्धा पांढरा चेहरा होता. वस्तरा कानाखालून उतरला, हनुवटीशी वळला. गाल चुरचुरत होता. पण गाल हल्ली रोजच चुरचुरायचा, तापानंतर कातडे हळवे झाले होते. त्याने फेस बोटावर घेतला, नाकपुडीला लावला, आत ओढला. थंड, ओले काहीतरी आत गेले. बस, एवढेच. थंडपणा आणि ओल.

गोधडीसारखा नाही. पेटीसारखा नाही. सुंठेच्या डब्यासारखाही नाही. चांगला. इतक्या दिवसांत तिने हा शब्द कधी वापरला नव्हता. खरे तेल असले तरी ते कशासारखे तरी असायचे, खोटे असले तरी कशासारखे तरी असायचे. हे एकच तेल कशासारखेच नव्हते.

दाढी झाली तेव्हा त्याने वाटी उचलून आत नेली. तुळसाबाई पाट्यावर पुरण वाटत होती. तिने वर पाहिले नाही. वरवंट्याची लय थोडी वाढली.

"मुनीम आला असन," तो म्हणाला.

"जा मंग. अन्..." वरवंटा थांबला. "रुपाबाई गेली तवापासून त्यानं आपल्याले काई मांगतलं नाही. काई."

"माहीत हाये," इंद्रभान म्हणाला आणि पागोटे बांधू लागला.

*

चावडीपुढच्या निंबाखाली घोंगडी अंथरली होती. कारंज्याच्या पेढीचे मुनीम फुलचंद पाय दुमडून बसले होते. शेजारी, बैलगाडीत, तांब्याचा मोठा हंडा. गावाचे सगळे तेल त्या एका हंड्यात ओतले जाई आणि पुढे मूर्तिजापूरच्या गाडीने कुठे कुठे जाई. म्हणून तर पारखी लागायचा. एका डब्यात सोफिया असले तर सगळा हंडा बाटतो. मानोऱ्याच्या बाजूच्या एका गावात तसे झाले होते. त्या गावात पुन्हा मुनीम आला नाही, आणि दोन वर्षांनी तिथल्या भट्ट्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

"आओ इंद्रभानजी," फुलचंद म्हणाले. "तुम्ही आल्याशिवाय मी बूचसुद्धा काढत नाही. लोक म्हणतात तुमचा साबण मंत्रवलेला आहे."

"मंत्रवलेला असता त उदयसिंगाचे गाल कायले जळते?" हरिसिंग म्हणाला, आणि मंडळी हसली. उदयसिंगही हसला, त्याचे गाल आता बरे झाले होते.

इंद्रभान बसला. रीत जुनी होती. एकेक डबा पुढे येई. तो तळहातावर थेंब घेई, दुसऱ्या तळव्याने चोळी, ओंजळ तोंडाशी नेई. मग डबा उजव्या हाताला ठेवला तर तो हंड्यात जाई. डाव्या हाताला ठेवला तर ज्याचा त्याने मुकाट्याने उचलून घरी न्यायचा. डाव्या डब्याबद्दल कोणी बोलत नसे, कोणी विचारत नसे. तेवढी माणुसकी रीतीतच ठेवलेली होती. ते तेल घरी जाई आणि हिवाळाभर म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर जिरे.

डबे येत गेले. इंद्रभान ओंजळ तोंडाशी नेत होता आणि ओंजळीत काहीच नव्हते. कोणता डबा कुठे जायचा हे सकाळी सकाळी, एकेक करून, त्याच्या ओसरीत ठरून गेलेले होते. हरिसिंग उजवीकडे. उदयसिंग उजवीकडे. एक डावीकडे, त्याच्या धन्याने तो उचलला आणि खाकरून, जणू आठवणच झाली, म्हशीला पाणी पाजायला निघून गेला. प्रत्येक वेळी डोळे मिटताना इंद्रभानला वाटे, आता तरी. आता एखादा धागा, एखादा काडीएवढा वास. मग डोळे उघडले की निंब, घोंगडी, लोकांचे पाहणारे चेहरे.

शेवटचा डबा जगदेवचा.

तो इतका वेळ मागे उभा राहून बोलत होता. सगळ्यांशी बोलत होता. मुनिमाच्या बैलांची शिंगे, पोहऱ्याच्या जत्रेची गर्दी, कुणाची हरवलेली वहाण. डबा त्याने पुढे आणून ठेवला आणि बोलणे तुटले.

इंद्रभानने थेंब घेतला. चोळला. ओंजळ तोंडाशी नेली.

उजवीकडे ठेवला तर कुणाला काही कळणार नव्हते. आज तरी नाही. मुनीम त्याच्या शब्दावर हंड्यात ओतून मोकळा होईल. तुळसाबाई चांगला म्हणाली आहे, आणि तिचा शब्द हाच या हंगामात त्याचा शब्द आहे. तिच्यावर अविश्वास दाखवायला त्याच्याकडे दुसरे होते तरी काय? डावीकडे ठेवला आणि तेल खरेच चांगले असले, तर दोन पोरींच्या तोंडचा घास त्याने एका संशयावर काढून घेतला असे होईल. आणि तो संशयही कशाचा, तर तिने एका सकाळी उपमा दिली नाही याचा. हे कुणाला सांगितले तर लोक हसतील.

त्याने ओंजळीवरून जगदेवकडे पाहिले. जगदेव हंड्याकडे पाहत होता. त्या पाहण्यात लबाडी नव्हती. होता तो केवळ शीण. इंद्रभानला तो शीण ओळखीचा वाटला; हंगामभर रोज सकाळी तो त्याला आरशात भेटत होता.

त्याने डबा डाव्या हाताला ठेवला.

फुलचंदांनी डबीतून चिमूटभर सुपारी काढली. जगदेवने वाकून डबा उचलला. चांगले तेल नाकारले गेलेला माणूस कसा उभा राहतो हे इंद्रभानने वडिलांच्या वेळी एकदा पाहिले होते. तो माणूस डबा उचलत नाही. जगदेवने तो इतक्या सहज उचलला की जणू घरून निघतानाच त्याला परतीचा भार ठाऊक होता.

"बाईले सांगजा भाऊजी," तो म्हणाला. आवाज साधा होता. "जेवाले नाई येत मी. पोरी वाट पाहून राह्यल्या."

*

ओसरीत दोन पाट मांडलेले होते, दोन ताटे. मधल्या वाटीत तूप विरघळून पिवळे झाले होते. इंद्रभानने पागोटे खुंटीला अडकवले आणि पाय धुतले. तुळसाबाई दारात आली. तिने त्याच्या मागे, अंगणाच्या फाटकाकडे पाहिले.

"येत नाई म्हने," तो म्हणाला. "पोरी वाट पाहून राह्यल्या."

ती उभी राहिली. मग खाली बसली आणि दुसऱ्या ताटातली पोळी फडक्यात बांधू लागली. एक बांधली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"डाव्या हाताले ठेवला?"

"हो."

"मुनिमानं पाह्यलं?"

"मुनीम काय पाह्यन? सगळ्यायनं पाह्यलं."

ती बराच वेळ गाठीकडे पाहत होती. तिच्या ओठांशी काहीतरी कडू येऊन थांबले असावे. इंद्रभान त्याची वाट पाहत होता. ती बोलली असती, रडली असती, माझ्या भावाला चारचौघांत उघडे पाडले म्हणाली असती, तर ते त्याने ऐकून घेतले असते. त्याची तयारी होती. पण तिने मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर निराळेच काही होते.

"म्या त चांगला म्हनलं होतं," ती हळूच म्हणाली.

त्याने ओले पाय पंच्याने पुसले.

"सुंठेसारखा होता थो. बूच हुंगलं तवाच समजलं मले." ती उठून उभी राहिली. "मी खोटं बोलली. अन् तुमाले समजलं. कसं समजलं?"

"समजलं."

"अवो, कसं पन?" आणि मग, वर्षभर त्या घरात कुणी न उच्चारलेला शब्द तिने उच्चारला. "नाक आलं तुमचं?"

इंद्रभानला उत्तर देण्याइतका वेळ मिळाला नाही. ती आत गेली होती. लगबगीने, पोरीसारखी, पदर सावरायचेही भान नसलेली. बाहेर आली ती पुरणाचे पातेले घेऊन. झाकण काढून तिने ते त्याच्या तोंडाशी धरले. वाफ त्याच्या चेहऱ्याला लागली. ऊन, ओली, मुकी वाफ.

"सांगा बरं. इलायची घातली का जायफळ?"

तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. भाऊ, डबा, डावा हात, सगळे तिच्या चेहऱ्यावरून क्षणभर पुसले गेले होते. इतके हसताना त्याने तिला साथीच्या आधीही क्वचितच पाहिले होते. तिच्या खांद्यावरून त्याला चुलीपुढची जमीन दिसत होती. तिथे सहाणेजवळ अर्धे उगाळलेले जायफळ पडले होते.

खरे सांगावे, तर कसे कळले तेही सांगावे लागणार होते. तुझा खोटेपणा तुझ्याच शब्दातून दिसला, असे म्हणावे लागणार होते. आणि मग उद्यापासून ती प्रत्येक शब्द मोजून बोलली असती.

"जायफळ," तो म्हणाला.

तुळसाबाईने पातेले खाली ठेवले. दोन्ही हात जोडून देवळीकडे पाहिले, पुटपुटली काहीतरी. पदराने डोळे पुसले, नाक पुसले, पुन्हा हसली. इंद्रभान पाटावर बसला. त्याने पाण्याचा तांब्या उचलला, पण प्यायला नाही.

"बरं झालं माय," ती स्वतःशीच म्हणत होती, "लय बरं झालं. मले किती भेव लागे सकाळी. आपलं चुकलं त? गावाचं तेल बाटलं त? झोप येत नव्हती हो मले. आता सुटली मी." तिने त्याच्या ताटात पोळी वाढली, तुपाची वाटी जवळ सरकवली. मग हात तसाच वाटीवर राहिला.

"कवापासून?" तिने विचारले.

तो तुपाकडे पाहत होता.

"आजच नाही आलं. आजच आलं असतं त तुमी सकाळीच उडी मारली असती पाटावरून." तिचे हसू अजून गेले नव्हते, पण ते आता चेहऱ्यावर एकटे पडले होते. "तवा कशासारखा म्हून इचारलं मले, दोनदा. तुमाले वास येऊनच राह्यला होता नं?"

"जेव तू बी," इंद्रभान म्हणाला.

"कवापासून सांगा नं. हरिसिंगाच्या तेलाच्या येळेस येत होता? मी मायच्या पेटीचं सांगतलं तवा?" ती त्याच्यासमोर बसली. आता तिचा आवाज खाली गेला होता, आणि त्यात राग नव्हता. अंधारात पायरी चाचपावी तसा तो पुढे येत होता. "तुमाले आपलं आपल्याले समजत होतं, त मंग मले कायले इचारत होते रोज?"

खरे सांगितले तर तिचे हसू जाणार होते, खोटे पुढे ओढले तर रोजची सकाळ. इंद्रभानने तांब्या खाली ठेवला. ताटातली पोळी वाफाळत होती. त्याने ताट थोडे बाजूला सारले, खुंटीवरचे पागोटे काढले, वहाणा पायात सरकवल्या आणि अंगण ओलांडून तो टेकडीच्या वाटेला लागला.